चांद्रमोहिमेवरचा माहितीपट असाच हवा: कुणीही काहीही न समजावणारा

पायरीवरचा (धागाकर्ता):

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. चांद्रमोहिमांवरचे जेवढे माहितीपट मी पाहिले त्यांत टॉड डग्लस मिलरचा ‘अपोलो ११’ (२०१९) मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. कारण एकच. त्यात आपल्याला कुणी काही समजावत नाही. निवेदक नाही. खुर्चीत बसून ‘त्या क्षणी मला काय वाटलं’ सांगणारे वयस्कर अंतराळवीर नाहीत. प्राध्यापक नाहीत. जेमतेम दीड तास, आणि त्यात १९६९ची चित्रं, १९६९चे आवाज.

सुरुवातच बघा. सॅटर्न-५ला उभ्याउभ्या प्रक्षेपणस्थळाकडे नेणाऱ्या क्रॉलरचे लोखंडी पट्टे सरकताना दिसतात. आधी कळतच नाही की आपण काय पाहतोय. शेजारून चालणारी माणसं दिसली की मग मापाचा अंदाज येतो. रॉकेट ११० मीटर उंच हे वाक्य मी शाळेपासून वाचत आलोय, पण उंची दिसली ती इथे. यातलं बरंचसं चित्रण ६५ मिमीच्या मोठ्या फिल्मवरचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ती रिळं कित्येक दशकं पडून होती.

उड्डाणाला थोडे तास उरलेले असताना द्रव हायड्रोजनच्या एका व्हॉल्व्हमधून गळती सुरू होते. इंधन भरलेल्या त्या रॉकेटपाशी तंत्रज्ञांची तुकडी जाते आणि बोल्ट आवळत बसते. निवेदक असता तर ‘साऱ्यांचे श्वास रोखले गेले’ असं म्हणून मोकळा झाला असता. इथे ती बातमी उद्याच्या पावसाचा अंदाज सांगावा तशा आवाजात दिली जाते. उड्डाणाच्या वेळचे तिघा अंतराळवीरांचे हृदयाचे ठोकेही तसेच: आर्मस्ट्राँग ११०, कॉलिन्स ९९, आल्ड्रिन ८८. आकडे सांगितले, विषय संपला. आता आल्ड्रिनचे ८८ का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि उतरण्याचा प्रसंग. यानाच्या खिडकीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण, त्यावर उंचीचे आणि इंधनाचे उतरते आकडे. यानाच्या संगणकाचा १२०२ नंबरचा अलार्म वाजतो. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून ‘पुढे जा’ असा निरोप येतो. खाली मोठमोठे धोंडे दिसल्यावर आर्मस्ट्राँग यान पलीकडे नेत राहतो आणि पृथ्वीवरून एक आवाज ‘साठ सेकंद’ म्हणतो, मग ‘तीस सेकंद’. शेवट मला पाठ आहे, तरी तळहाताला घाम आला.

२००७ साली डेव्हिड सिंग्टनचा ‘इन द शॅडो ऑफ द मून’ आला होता. दहा अपोलो अंतराळवीर कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात. तो बरा आहे, पण त्या लोकांनी तेच किस्से चाळीस वर्षं व्यासपीठांवर सांगितलेले. इतक्यांदा सांगितल्यावर माणसाला घटना आठवत नसते, मागच्या वेळी कशी सांगितली ते आठवत असतं. १९६९च्या टेपला ती सोय नाही.

बोला. (चंद्रावर कुणी गेलंच नाही म्हणणाऱ्यांनी स्वतंत्र धागा काढावा ही नम्र विनंती.)


मंदाकिनी:

साफ असहमत.

मी दोन्ही पाहिलेत. ‘अपोलो ११’ पाहून डोळे दिपले, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही माणूस लक्षात नव्हतं. तिघे येतात, पोशाख चढवतात, जातात, उतरतात, परत येतात. पोशाख चढवताना प्रत्येकाच्या आयुष्यातले फोटो झरझर दाखवलेत तेवढीच काय ती ओळख. ठोके ११० हे मला कळलं. ११० ठोक्यांच्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते त्या टेपमध्ये नाही. कारण तेव्हा ते बोलणार नव्हतेच! सगळे मुरलेले वैमानिक, सगळं जग ऐकतंय, वरिष्ठ ऐकतायत. ‘मला भीती वाटतेय’ असं कोण म्हणेल? तुम्ही ज्याला प्रामाणिकपणा म्हणताय तो नोकरीतला संयम आहे.

म्हातारपणी ते बोलले. २००७च्या माहितीपटात चार्ली ड्यूक सांगतो की त्याचे वडील राइट बंधूंच्या उड्डाणानंतर थोड्याच काळाने जन्मले, त्यांना मुलगा चंद्रावर गेला यावर विश्वास ठेवणं जड गेलं. आणि ड्यूकच्या पाच वर्षांच्या मुलाला त्यात काही विशेष वाटलं नाही. सर्नन सांगतो की सोबतचे वैमानिक व्हिएतनाममध्ये लढत होते आणि आपण इथे होतो, याची बोच राहिली. ॲलन बीन तर कमालच. चंद्रावरून आल्यापासून हवामानाबद्दल एकदाही कुरकुर केली नाही म्हणतो. बाजारात जाऊन आइस्क्रीमचा कोन घ्यायचा आणि येणारी-जाणारी माणसं बघत उभं राहायचं, आपण इथे आहोत हे किती नशीब असं वाटत. हे कुठल्या टेपवर सापडणार होतं?

किस्से गुळगुळीत झाले असतील. झाले तर झाले. कॉलिन्स तो दौऱ्यातला अनुभव सांगतो, जगभर लोक ‘तुम्ही करून दाखवलंत’ न म्हणता ‘आपण करून दाखवलं’ म्हणत होते. हे त्याने हजारदा सांगितलं असेल, तरी सांगताना त्याचा चेहरा बघा.


पायरीवरचा:

मंदाकिनीताई, बीनचा प्रसंग मलाही आवडतो. पण तो चंद्राबद्दल नाही, म्हाताऱ्या माणसाच्या शहाणपणाबद्दल आहे. माझा प्रश्न वेगळा आहे: २० जुलैला काय घडलं हे मला कोण सांगतं? त्या दहांत नील आर्मस्ट्राँग नाही हे विसरू नका. पहिलं पाऊल टाकणारा माणूस मुलाखतीला बसला नाही. म्हणजे तुमच्या माहितीपटात नेमकी मधली खुर्ची रिकामी, आणि माझ्यात तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे.


मंदाकिनी:

आहे, पण गप्प आहे. नऊ मिशनांतले बाकीचे लोक त्याच्याबद्दल काय म्हणतात त्यावरून तो मला जास्त कळला.


जुना टेपरेकॉर्डर:

आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं, म्हणून थोडं तांत्रिक लिहितो. धागाकर्त्याने कदाचित याचा विचार केलेला नाही.

‘१९६९ची चित्रं, १९६९चे आवाज’ हे खरं आहे. पण ती चित्रं आणि ते आवाज एकत्र जन्मलेले नाहीत. नियंत्रण कक्षातलं १६ मिमीचं बरंचसं चित्रण मुकं आहे, त्यावर आवाजच नव्हता. दुसरीकडे नियंत्रण कक्षाच्या वेगवेगळ्या वाहिन्यांचं हजारो तासांचं ध्वनिमुद्रण होतं, त्याला चित्र नव्हतं. स्टीफन स्लेटर नावाच्या माणसाने चित्रातले ओठ, भिंतीवरची घड्याळं असलं बघत बघत दोन्ही जुळवलं. हे काम म्हणजे डोळ्यांची आणि कानांची वाट लावणारं काम, मी माझ्या धंद्यात याच्या शतांशानेही त्रासलोय. त्याला सलाम. पण आपल्याला जे दिसतं ते कुणीतरी बसवलेलं आहे.

शिवाय संगीत. मॅट मॉर्टनने १९६९पर्यंत उपलब्ध असलेलीच वाद्यं वापरायची असा पण केला, त्यात मूग सिंथेसायझर हे इलेक्ट्रॉनिक वाद्य आहे. उतरण्याच्या प्रसंगात तुमच्या तळहाताला जो घाम आला, त्यातला अर्धा तरी त्या खालच्या सुरांचा. पुढच्या वेळी तो भाग पाहताना स्पीकर बंद करा आणि नुसती मूळ टेप कानाला लावा. इंटरनेटवर ती उपलब्ध आहे. कंटाळा येईल असं नाही, पण बैठक मोडेल. अधूनमधून लांबच लांब खरखर, मध्येच कुणीतरी आकडा सांगतो. मूळ घटना अशी होती.

निवेदक काढून टाकला म्हणून सांगणारा नाहीसा होत नाही. तो कात्रीच्या जागी बसतो.


पायरीवरचा:

टेपरेकॉर्डरसाहेब, संकलक असतोच हो, ते मी नाकारत नाही. पण ओठ जुळवणं आणि ‘हा मानवजातीचा सर्वोच्च क्षण होता’ असं कानात ओरडणं यात फरक आहे की नाही? पहिल्यात मला चुकीचा अर्थ काढायची मोकळीक राहते.

संगीताबद्दल मात्र वाद घालत नाही. स्पीकर बंद करून बघेन.


तिरकस:

छान चाललंय. एकाला निवेदक नको, एकीला म्हातारे हवेत, एकाला मुकी फिल्म खुपते. मूळ मुद्दा कुणी काढतच नाही की दोन्ही माहितीपट म्हणजे शेवटी नासाच्या गोदामातला माल. नासाने स्वतःचं कौतुक करायला स्वतः चित्रण केलं, पन्नास वर्षांनी तुम्ही तेच पाहून भारावताय, आणि त्याला प्रामाणिक म्हणताय. लग्नाचा व्हिडिओ पाहून संसार कसा झाला ते सांगण्यातला प्रकार.

१५ जुलै १९६९, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, राल्फ ॲबरनथी गरीब काळी कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन प्रक्षेपणस्थळी, केप केनेडीला पोहोचले होते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मागे त्यांची संघटना तेच चालवत होते. नासाचा प्रमुख टॉमस पेन बाहेर मैदानात येऊन त्यांना भेटला. म्हणाला, उद्या बटण न दाबल्याने गरिबी हटणार असेल तर आम्ही बटण दाबणार नाही. मग काही कुटुंबांची उड्डाण पाहण्याची सोय करून दिली. याहून नाट्यमय प्रसंग सांगा बरं त्या आठवड्यातला! ‘अपोलो ११’मध्ये किनाऱ्यावरची गर्दी भरपूर दिसते, गॉगल, गाड्या, दुर्बिणी, सहलीचा माहोल. खेचरं मला तरी दिसली नाहीत. व्हिएतनाम बातम्यांतल्या ओझरत्या उल्लेखापुरतं.

आणि ते ज्याच्या उंचीने तुमचे डोळे फिरले ते रॉकेट. ते घडवणारा व्हर्नर फॉन ब्राउन हिटलरसाठी व्ही-२ बनवत होता. ती क्षेपणास्त्रं मिटेलबाउ-डोराच्या छळछावणीतल्या कैद्यांकडून भुयारात बनवून घेतली जात, हजारो मेले त्यात. तिथलं उत्पादन सांभाळणारा आर्थर रुडॉल्फ पुढे सॅटर्न-५ प्रकल्पाचा व्यवस्थापक झाला. १९८४ला चौकशीचा फास आवळल्यावर अमेरिकेचं नागरिकत्व सोडून निघून गेला. निवेदक असता तर यातलं एखादं वाक्य तरी टाकावं लागलं असतं. ‘आम्ही काहीच बोलत नाही’ ही फार सोयीची जागा आहे.


मंदाकिनी:

तिरकसशी सहमत होण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण वर सर्ननचं उदाहरण मी त्यासाठीच दिलं. व्हिएतनामचा विषय त्या माहितीपटात येतो, आणि तो खुद्द अंतराळवीराच्या तोंडून येतो. बोलणारा माणूस असला की आजूबाजूचं जग त्याच्यामागून आत येतं.


पायरीवरचा:

तिरकस, डोराबद्दल तुमचा शब्द न् शब्द खरा आहे आणि तो विषय स्वतंत्र माहितीपटाचा आहे. नऊ दिवसांच्या प्रवासाच्या पटात १९४४ आणायचं म्हटलं, तर १९६७ची अपोलो-१ची आगही आणा. ग्रिसम, व्हाइट, चॅफी त्यात गेले, त्याशिवाय पुढचं यान सुधारलं नसतं. मग ४ लाख माणसं राबली त्यांचंही आणा. मग तो माहितीपट राहणार नाही, परीक्षेचं गाइड होईल.

ॲबरनथींच्या बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे असं मला वाटतं. ते त्याच जागी, आदल्याच दिवशी घडलं. ते चित्रण वापरता आलं असतं.


डोंबिवलीचे आजोबा:

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. मी त्या वेळी कॉलेजात होतो, म्हणून दोन शब्द.

आम्ही चंद्रावरचं पाऊल पाहिलं नाही, ऐकलं. तेव्हा टीव्ही फक्त दिल्लीत. मुंबईचं केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. यान उतरलं तेव्हा आपल्याकडे २१ जुलै लागून रात्रीचे पावणेदोन वाजले होते, आणि आर्मस्ट्राँगने पाऊल टाकलं ते सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास, म्हणजे ऐन लोकलच्या गर्दीच्या वेळेला. रेडिओला कान लावून जे सांगितलं जाईल ते ऐकायचं. तेव्हा आमच्यासाठी ती सगळी मोहीम म्हणजे निवेदनच होतं! चित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात, तेही काळंपांढरं आणि धुरकट.

आणखी एक गंमत. १९ जुलैला इंदिराबाईंनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. माझे वडील त्यांतल्याच एका बँकेत होते. त्यामुळे आमच्या घरात त्या सोमवारी चंद्रापेक्षा बँकेचीच चर्चा जास्त. ‘आता पगाराचं काय’ हा प्रश्न मोठा होता. ऑक्टोबरात ते तिघे जगाच्या दौऱ्यावर मुंबईला आले तेव्हा मात्र वडीलही म्हणाले की बघून यायला हवं.

आता माहितीपटाविषयी. नातवाने ‘अपोलो ११’ लावून दिला. चित्रं फार सुंदर, वादच नाही. पण कोण बोलतंय, कुठून बोलतंय, त्या पांढऱ्या शर्टातल्या शेकडो लोकांपैकी कोण काय करतंय, मला पत्ता लागेना. ह्यूस्टनचे लोक कुठले, फ्लोरिडाचे कुठले, तेही नाही. ते रेघांचे नकाशे मधून दाखवतात तेवढा आधार. इंग्रजी मला येतं, पण ती खरखरीतली, आकड्यांची इंग्रजी वेगळी. निवेदक नको असं म्हणणं ही ज्याला गोष्ट आधीच पाठ आहे त्याची चैन आहे. पायरीवरचे, तुम्ही स्वतःच लिहिलंय की शेवट पाठ आहे.


जुना टेपरेकॉर्डर:

आजोबांना +१. संपूर्ण धाग्यातला सगळ्यात नेमका प्रतिसाद.


खरं बोलू का:

इतकी चर्चा, पण झेंडा हवेशिवाय कसा फडकला आणि आकाशात एकही तारा का नाही हे कुणी विचारत नाही. स्टुडिओत केलेल्या चित्रणाचे माहितीपट निघणार, लोक पाहणार, आणि वर प्रामाणिक म्हणणार. असो.


अभ्यासू कावळा:

झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती, फडकलेला दिसावा म्हणूनच. ऊन लख्ख असताना कॅमेऱ्याचं सेटिंग उजेडाचं, त्यात तारे उमटत नाहीत. मैदानावर रात्रीचा क्रिकेट सामना चालू असताना आकाशाचा फोटो काढून बघा. हे झालं नेहमीचं.

पण तुम्हाला मुंबईतला पुरावा देतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाला अपोलोने आणलेले चंद्राचे नमुने अभ्यासाला मिळाले होते. चंद्राला हवा नाही, पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही. त्यामुळे सूर्याकडून आणि अंतराळातून येणारे जड कण तिथल्या मातीच्या स्फटिकांत थेट घुसतात आणि आत अतिसूक्ष्म रेषा सोडून जातात. स्फटिक रसायनात बुडवला की त्या रेषा रुंदावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. त्यावरून तो कण पृष्ठभागावर किती काळ उघडा पडून होता याचा हिशेब निघतो. पृथ्वीवरच्या मातीत हे असं सापडत नाही, कारण आपल्या डोक्यावर हवेचा जाड थर आहे. त्या गटातले व्ही. एस. वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. नासाने स्टुडिओत माती बनवली असती तर पहिली बोंब कुलाब्यातून उठली असती.


तिरकस:

मी नासाचा भक्त नाही हे वर सिद्ध केलंय, त्यामुळे माझं ऐका. त्या काळी सोव्हिएत संघ नाक खुपसून बसला होता. १९७०मध्ये त्यांच्या लूना-१६ने स्वतः थोडी माती आणली, ती अमेरिकेच्या मातीशी ताडून पाहिली गेली. खोट असती तर ‘प्रावदा’ने आठ कॉलमी मथळा केला असता. मंदाकिनींच्या लाडक्या माहितीपटात श्रेयनामावलीच्या वेळी चार्ली ड्यूक विचारतोच: नऊ वेळा गेलो, खोटं करायचं तर नऊ वेळा कशाला?

आता खरोखरच दुसरा धागा काढा.


स्वरूपा_नि:

सगळे जण एक गोष्ट विसरताय. उड्डाणाच्या वेळी फ्लोरिडाच्या नियंत्रण कक्षातून कॅमेरा फिरतो. पांढरे शर्ट, काळे टाय, रांगाच्या रांगा. आणि मध्ये एक बाई. एकटीच. कॅमेरा तिच्यावरून निघून जातो.

तिचं नाव मला बाहेर शोधावं लागलं. जोॲन मॉर्गन. यंत्रमापनाची नियंत्रक. प्रक्षेपणाच्या वेळी त्या कक्षात बसू दिलेली पहिली बाई. त्याआधी तिची जागा उड्डाणाच्या वेळी दुसऱ्या कुणाला दिली जायची. तिथल्या काही इमारतींत बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. ती जायची तेव्हा पुरुषांचं स्वच्छतागृह रिकामं करून पहारेकरी दाराशी उभा राहायचा. तिच्या टेबलावरच्या फोनवर घाणेरडे फोन यायचे. हे सगळं तिने स्वतः मुलाखतींत सांगितलंय.

पायरीवरचे म्हणतात की निवेदक नसला की अर्थ काढायची मोकळीक राहते. माझ्या आईबरोबर पाहत होते. तिने काढलेला अर्थ: ‘ती सेक्रेटरी असेल.’ ही मोकळीक कुणाला मिळाली?


पायरीवरचा:

स्वरूपा, हा मुद्दा मला अडचणीत टाकणारा आहे, कबूल. नावाची एक पट्टी टाकली असती तर माझ्या तत्त्वाला काही धक्का लागला नसता. काही उड्डाण संचालकांची नावं पडद्यावर येतात, मग तिचं यायला हरकत नव्हती.

पण उलटही बघा. तुम्ही तिला शोधलंत. निवेदकाने ‘आणि ही जोॲन मॉर्गन, पहिली महिला...’ असं दहा सेकंदांत उरकलं असतं तर तो स्वच्छतागृहाचा पहारेकरी तुमच्यापर्यंत पोहोचला असता का?


स्वरूपा_नि:

मी शोधलं. आईने नाही शोधलं. माहितीपट तिच्यासाठीही होता.


ह्यूस्टनकर:

इथे राहतो, त्यामुळे पाहुणे आले की स्पेस सेंटरची फेरी ठरलेली. २०१९मध्ये जुना अपोलो नियंत्रण कक्ष त्या काळासारखा पुन्हा सजवून खुला केला. कन्सोल, राखेची भांडी, कॉफीचे कप सगळं. काचेमागे बसून बघायचं.

मला १२०२ अलार्मवर बोलायचंय, कारण पायरीवरचे ज्या शांतपणावर फिदा आहेत त्याची मुळं माहितीपटात नाहीत. उड्डाणाच्या थोडेच दिवस आधी, जुलैच्या सुरुवातीच्या सरावात, प्रशिक्षकांनी मुद्दाम याच जातीचा एक संगणकीय अलार्म टाकला होता. मार्गदर्शन अधिकारी स्टीव्ह बेल्स, वय २६, गांगरला आणि त्याने मोहीम रद्द करायला सांगितलं. तो निर्णय चुकीचा होता, रद्द करायची गरज नव्हती. उड्डाण संचालक जीन क्रांझने मग फर्मान काढलं की संगणक देऊ शकेल असा प्रत्येक अलार्म अभ्यासून ठेवा. जॅक गार्मन नावाच्या २४ वर्षांच्या पोराने सगळ्या अलार्मची हाताने यादी लिहून टेबलावर ठेवली. म्हणून खऱ्या दिवशी १२०२ वाजल्यावर गार्मनला माहीत होतं की सतत वाजत नसेल तर हरकत नाही. त्याने बेल्सला सांगितलं, बेल्सने क्रांझला, आणि चार्ली ड्यूकने वर निरोप दिला. हा तोच ड्यूक, जो पुढे स्वतः चंद्रावर गेला.

अलार्म का वाजला तेही सांगतो. परत जोडणीसाठी लागणारं रडार चालू ठेवलं होतं, आणि विजेच्या जुळणीतल्या दोषामुळे ते संगणकाला फुकटची कामं लावत होतं. संगणक भरला. पण प्रणाली अशी रचली होती की महत्त्वाची कामं आधी, बाकीची टाकून द्यायची. त्याने यान उतरवण्याचं काम सोडलं नाही.

माहितीपटात यातलं काही कळत नाही. एक आवाज अलार्म म्हणतो, दुसरा पुढे जा म्हणतो. तिथे जो थंडपणा दिसतो तो घाम गाळून कमावलेला होता. ते न कळता पाहिलं तर हे लोक जन्मतःच तसे होते असं वाटतं.


जुना टेपरेकॉर्डर:

ह्यूस्टनकर, सुंदर. यावर वेगळा लेख लिहा.


सईची आई:

धागा उपयोगी आहे, पण मला साधं उत्तर हवंय. मुलगी अकरा वर्षांची आहे. चांद्रयान-३ उतरताना शाळेत थेट प्रक्षेपण पाहिलं तेव्हापासून वेड लागलंय. आधी कुठला दाखवू?


मंदाकिनी:

२००७चा. माणसं कळली की यंत्रं आपोआप कळतात.


पायरीवरचा:

२०१९चा. शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर, दिवे बंद करून.


डोंबिवलीचे आजोबा:

कुठलाही दाखवा, पण शेजारी बसा आणि मध्ये मध्ये थांबवून सांगत राहा.


तिरकस:

दोन्ही दाखवा आणि मग खेचरांची गोष्ट सांगा. अकराव्या वर्षी कळते.


सईची आई:

रविवारी ‘अपोलो ११’ पाहिला. आजोबांचा सल्ला मानला, शेजारी बसले आणि ह्यूस्टनकरांचा प्रतिसाद वाचून गेले होते म्हणून १२०२ला भाव खाता आला. पण तिचा प्रश्न भलताच निघाला. दोघे खाली उतरले, मग वरचा एकटा काय करत होता? तो चंद्रामागे गेला की त्याला कुणाशी बोलता येत नव्हतं ना? मग तेव्हा तो काय म्हणाला? पूर्ण माहितीपटात तिला याचं उत्तर मिळालं नाही आणि ती रागावलीय.


ह्यूस्टनकर:

प्रत्येक फेरीत साधारण ४८ मिनिटं संपर्क तुटायचा. यानात ध्वनिमुद्रक होता, त्याची लिखित प्रत सार्वजनिक आहे. पण एकटा माणूस स्वतःशी फार बोलत नाही.


मंदाकिनी:

सईला सांगा, कॉलिन्सला हे आयुष्यभर विचारलं गेलं. तो नेहमी म्हणायचा की एकटं वाटलं नाही, गरम कॉफी होती, मजेत होतो. भीती वाटली ती वेगळीच: खालचं यान उडालंच नाही तर त्या दोघांना तिथे ठेवून आपल्याला एकट्याला परत यावं लागेल. कित्येक महिने तो हे मनात घेऊन फिरत होता. उड्डाणाच्या वेळचे ९९ ठोके लक्षात आहेत ना, त्याचेच ते. तेव्हाच्या कुठल्याच टेपवर हे नाही, त्याने नंतर सांगितलं.


पायरीवरचा:

सांगितलं नाही, लिहिलं. १९७४च्या आत्मकथनात, स्वतःच्या हाताने, कुणी समोर कॅमेरा लावून न बसता.


मंदाकिनी:

पाच वर्षांनी लिहिलेलं चालतं आणि अडतीस वर्षांनी सांगितलेलं चालत नाही? मग किती वर्षांपर्यंतची आठवण तुम्ही प्रामाणिक धरता, तो आकडा एकदा सांगून टाका.